पात्र-अपात्रच्या अलीकडे

महाराष्ट्रात एखाद्या शेतकऱ्याने आत्महत्या केली की शासनाची एक यंत्रणा न चुकता हलते. पोलीस पंचनामा करतात, तलाठी सातबारा आणि कर्जाचे दाखले गोळा करतो, तहसीलदारांचा अहवाल वर जातो आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ते प्रकरण मदतीला 'पात्र' की 'अपात्र' हे ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, नापिकीमुळे ते थकलं होतं का, असे निकष आहेत. पात्र ठरलं तर घरच्यांना १ लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. २००६पासून ही पद्धत रुळली आहे. तिचे शासन निर्णय आहेत, नमुने आहेत, जबाबदार अधिकारी आहेत.

तोच माणूस तीन-चार महिने आधी रात्रभर जागा असतो, जेवणावरून उठून जातो, पारावर बसणं सोडतो, कोणाशी धड बोलत नाही. घरच्यांना ते दिसतं, शेजाऱ्यांनाही दिसतं. त्या वेळी त्याच्याकडे जाऊन विचारपूस करणं हे कोणाचं काम, असं गावात विचारलं तर उत्तर मिळत नाही. आणि हे काम कसं करावं याची माहिती नव्हती, असंही म्हणता येत नाही. गेल्या वीस वर्षांत याच राज्यात आणि शेजारच्या गोव्यात ते करून पाहिलं गेलं, मोजलं गेलं, त्याचे निकाल जगातल्या नामवंत नियतकालिकांत छापून आले. पण आपल्याकडे ते बहुतेक प्रकल्प म्हणून आले आणि मुदत संपली तसे मागे पडले. माझी तक्रार नेमकी हीच आहे, आणि हा आढावा त्या तक्रारीपोटीच घेतला आहे.

आधी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या. कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. शेतीक्षेत्रातल्या आत्महत्या देशात ११,२९० आणि महाराष्ट्रात ४,२४८. म्हणजे राज्यातल्या दर पाच आत्महत्यांपैकी चार शेतकरी-शेतमजुरांच्या व्याख्येबाहेरच्या आहेत. शिवाय त्या ११,२९० जणांमध्ये शेतमालक ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. मजुराच्या नावावर जमीन नसते, बँक त्याला पीककर्ज देत नाही, त्यामुळे पात्र-अपात्रच्या चाळणीपर्यंत तो पोचतच नाही.

बायकांचं तर याहून वाईट आहे. त्याच वर्षी देशभरात शेतकरी म्हणून नोंद झालेल्या आत्महत्यांमध्ये स्त्रिया फक्त २०८ होत्या आणि 'गृहिणी' या रकान्यात २५,३०९. पहाटे भाकरी थापून निंदणीला, वेचणीला जाणारी बाई मेल्यावर कागदावर गृहिणी होते, कारण सातबाऱ्यावर नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. ग्रामीण भागातल्या आत्महत्येचं चित्र आपण कर्जबाजारी पुरुष शेतकऱ्याच्या फोटोत कोंबून बसवलं आहे. तो खराच आहे, पण लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली सून, परीक्षेत नापास झालेला मुलगा, ऊसतोडीवरून उचल अंगावर घेऊन परतलेला मजूर आणि दुखण्याला कंटाळलेला म्हातारा हेही त्याच गावात राहतात.

या विषयावर महाराष्ट्रात एक जुना वाद आहे. शेतकरी चळवळीतल्या लोकांनी समुपदेशनाकडे कायम संशयाने पाहिलं. भाव नाही, पाणी नाही, विमा मिळत नाही आणि तुम्ही आम्हाला वेडं ठरवता का, हा त्यांचा प्रश्न. त्या संशयाला कारण होतं. प्रबोधनाच्या नावाखाली कीर्तनं झाली, शिबिरं झाली, आणि धोरणात चुकलेलं ते शेतकऱ्याच्या मनोबलावर ढकललं गेलं. दुसरीकडे काही डॉक्टर मंडळींनी सगळं नैराश्याच्या खात्यावर टाकलं. माझ्या मते या वादात दोन्ही बाजूंनी बराच वेळ वाया घालवला. कर्ज आणि नैराश्य एकमेकांना खतपाणी घालतात. थकलेल्या कर्जाने झोप जाते, झोप गेली की सोसायटीत जाऊन नवं-जुनं करायचंही त्राण राहत नाही, मग थकबाकी आणखी वाढते, दारूही वाढते. यातल्या एकाच टोकाला हात घालून काम भागत नाही.

अर्थशास्त्राच्या अभ्यासांनीही हे दाखवून दिलं आहे. टॅमा कार्लटन या संशोधिकेने २०१७मध्ये भारतातल्या ४७ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पिकाच्या हंगामात, तापमान २० अंशांच्या वर असताना, एका दिवसाचं तापमान एका अंशाने वाढलं तर देशात सरासरी ६७ आत्महत्या वाढतात असं त्यांना आढळलं. हंगाम नसताना तेवढीच उष्णता असा परिणाम करत नाही. म्हणजे वाट पिकातून जाते. उलट बाजूने, इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रोख मदत देणारी योजना जिथे लागू झाली तिथे आत्महत्यांचं प्रमाण जवळपास १८ टक्क्यांनी घटलं. वेळेवर मिळालेला पीकविमा, निराधार योजनेचं पेन्शन, रोजगार हमीची थकलेली मजुरी ही सगळी आत्महत्या प्रतिबंधाची साधनं आहेत, आणि आरोग्य खात्याने ती तशी मोजायला हवीत.

मनाच्या बाजूने पाहायचं तर पहिली अडचण अंतराची. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६पासून कागदावर आहे आणि आता जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग बसतोही, पण मेळघाटातल्या किंवा पाटोदा तालुक्यातल्या माणसाला तिथे जायचं म्हणजे दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि 'डोक्याच्या डॉक्टरकडे गेला होता' हा शिक्का. त्याआधी बाहेरचं झालंय का हे बघून घेतलं जातं, देवऋषी होतो, सलाईन लावून घेतली जाते. माणूस स्वतः सांगतो ते एवढंच की टेन्शन आहे, डोकं जड राहतं, काही गोड लागत नाही. त्याला नैराश्य हे निदान हातात देऊन उपयोग नसतो. त्याच्या बोलण्यातूनच सुरुवात करावी लागते.

ही सुरुवात करायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही, हे गोव्यातल्या 'संगाथ' संस्थेने दाखवलं. १९९६मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक म्हणून बसवलं. पद्धत साधी होती. नैराश्यात माणूस एकेक काम सोडत जातो आणि काम सुटलं की आणखी खचतो, म्हणून सहा ते आठ भेटींत त्याच्यासोबत बसून सुटलेली छोटी कामं पुन्हा हातात घ्यायची, अडलेल्या प्रश्नांचे तुकडे करायचे. २०१७मध्ये 'लॅन्सेट'ने या चाचणीचे निकाल छापले. दहा आरोग्य केंद्रांतले ४९५ रुग्ण, नैराश्य मध्यम-तीव्र ते तीव्र. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं.

त्याच विचाराची माणसं विदर्भात आली तेव्हा 'विश्राम' हा कार्यक्रम उभा राहिला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत. गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांनी बैठका घ्यायच्या, घरोघर जायचं, जो खचला आहे त्याच्याशी बोलायचं. गरज वाटली तर प्रशिक्षित समुपदेशकाकडे आणि तिथेही भागलं नाही तर डॉक्टरकडे पाठवायचं. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोकांनी कुठेतरी मदत घेतली होती. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार आले असं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी वेगळी गावं ठेवलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. एखादा बरा पाऊसही आकडे हलवतो. तरीही मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सहापट होणं ही गोष्ट पावसाने घडत नाही. गावकरी मानसिक आजाराबद्दल बोलतच नाहीत, हा समज यातून खोटा ठरला. विचारायला माणूस आला तर ते बोलतात.

आणि विचारण्याने जीव जातो ही भीतीही निराधार आहे. 'मरावंसं वाटतं का' असं थेट, आपुलकीने विचारल्याने कोणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. बहुतेकांना उलट सुटल्यासारखं वाटतं. पोलीस पाटील, शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष, सोसायटीचा सचिव यांना प्रशिक्षणात पहिल्यांदा हेच शिकवावं लागतं, कारण सगळ्यांचा पहिला ओढा विषय टाळण्याकडे किंवा 'असं बोलू नये' म्हणून दटावण्याकडे असतो.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो नाशिक जिल्ह्यातला 'आत्मीयता'चा प्रयोग. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३मध्ये तो ४१ गावांत सुरू केला. गावातले लोक ज्यांच्याकडे आपणहून सल्ल्याला जातात अशा माणसांना हेरून त्यांना 'चॅम्पियन' केलं आणि त्यांच्या जोडीला 'मित्र' दिले. मित्राने खचलेला माणूस ओळखायचा, चॅम्पियनने चार ते सहा बैठकांत त्याच्याशी बोलायचं. मोबाइलवर छोट्या फिल्म दाखवायच्या, ज्यात बेकारी, दारू, घरातली मारहाण असे गावात रोज दिसणारे प्रसंग असत. पण मोलाचा भाग पुढचा आहे. चॅम्पियन त्या माणसाला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला, अपंगत्वाचा दाखला काढायला, रेशनकार्डावर नाव चढवायलाही मदत करत असे. ज्या बाईचं मन विधवा पेन्शन अडल्यामुळे झुरतंय तिला श्वासाचे व्यायाम शिकवून परत पाठवणं ही क्रूर चेष्टा आहे, हे या लोकांनी ओळखलं होतं. कर्ज की नैराश्य या वादाचं उत्तर इथे एका कार्यकर्त्याच्या पिशवीत होतं. पुढे हा प्रयोग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांत नेला गेला. महाराष्ट्रातल्या प्रयोगाला गुजरातेत जास्त जागा मिळावी, याचं मला वाईट वाटतं.

शासनाने काहीच केलं नाही असं नाही. २०१५मध्ये यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 'बळीराजा चेतना अभियान' आलं. त्याच सुमारास आरोग्य विभागाने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, तणावातली माणसं ओळखायची, जिल्हा रुग्णालयातल्या पथकाकडे पाठवायची, शिवाय १०४ या क्रमांकावर समुपदेशन. आराखडा चांगला आहे. अडतं ते आशाताईंपाशी. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं अशी कामांची यादी आधीच लांब, मोबदला कामागणिक आणि तोही उशिरा. खचलेल्या माणसापाशी तासभर बसणं हे प्रश्नावलीच्या रकान्यात बसत नाही, म्हणून प्रश्नावली भरली जाते आणि बसणं राहून जातं. ती ज्याला वर पाठवते तो जिल्ह्याच्या गावी पोचलाच नाही तर त्याची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही. गावांमध्ये जे रक्तदाबासाठी होतं, महिन्याची गोळी आणि ठरलेला वार, तेच नैराश्यासाठी झालं तर निम्मी लढाई तिथेच होईल.

आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेला माणूस ही सर्वांत मोठी सुटलेली संधी आहे. ग्रामीण रुग्णालयात जीव वाचवला जातो, पोलिसांकडे नोंद होते, घरचे 'चुकून झालं' म्हणून सांगतात, तीन दिवसांनी घरी सोडतात आणि कागदावर पुढच्या तपासणीची तारीखसुद्धा नसते. याच गटात पुन्हा धोका सर्वाधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच ठिकाणी, त्यात चेन्नईही होतं, १,८६७ अशा रुग्णांचा अभ्यास केला. निम्म्यांना घरी जाण्याआधी तासभर माहिती आणि धीर दिला, आणि पुढच्या अठरा महिन्यांत फोनवर किंवा भेटून नऊ वेळा विचारपूस केली. बस, एवढंच. या गटात आत्महत्येने मृत्यू ०.२ टक्के झाले, दुसऱ्या गटात २.२ टक्के. औषधं नाहीत, यंत्रं नाहीत, फक्त नऊ वेळा विचारपूस. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या एका परिचारिकेला आणि त्या गावच्या आशाताईला हे काम मोबदल्यासह नेमून देता येईल, आणि ते उद्यापासून होऊ शकतं.

मागे राहिलेल्यांचंही तसंच. महिला किसान अधिकार मंचाने २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या ११ जिल्ह्यांत आत्महत्या झालेल्या घरांतल्या ५०५ बायकांची पाहणी केली, तेव्हा जवळपास ४० टक्के जणींच्या नावावर शेतजमीन अजून चढलेली नव्हती. नवऱ्याचं कर्ज मात्र दारात येतं. सासरचे तिला पांढऱ्या पायाची ठरवतात, मुलांची शाळा डळमळते. २०१९ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन अशाच एका शेतकरी बाईच्या हातून झालं तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने तिचं भाषण ऐकलं. त्यानंतरही वारस नोंदीचा फेरफार महिनोन्‌महिने तलाठी कार्यालयात अडकतो. घरात एक आत्महत्या झाली की त्या घरातल्या इतरांचा धोका वाढतो, हे जगभर सिद्ध झालेलं आहे, म्हणून हा फेरफार महसुली काम आहे तेवढंच आरोग्याचंही आहे.

कायदा आणि फोन यांबद्दल थोडक्यात. २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. त्याच्या कलम ११५ने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरून त्याला शिक्षेपासून वाचवलं आणि त्याची काळजी घेणं सरकारवर सोपवलं. २०२४च्या जुलैपासून तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ दंडसंहितेबरोबरच गेलं. गावात आणि ठाण्यातही हे पुरेसं पोचलेलं नाही. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास आणि मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सोसायटीच्या दारावर आणि पीककर्जाच्या पासबुकावर छापलेला असायला हवा. नोव्हेंबर २०२२च्या राष्ट्रीय धोरणाने २०३०पर्यंत आत्महत्या १० टक्क्यांनी कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं आहे. आणि जिल्हा पानांवर रोज पद्धतीसकट, फोटोसकट, चिठ्ठीसकट बातम्या छापणाऱ्या संपादकांना विनंती की प्रेस कौन्सिलने २०१९मध्ये स्वीकारलेली मार्गदर्शक तत्त्वं एकदा वाचावीत.

आता ज्याचा उल्लेख आपल्या चर्चांमध्ये सर्वांत कमी होतो, पण ज्याने जगात सर्वाधिक जीव वाचवले, त्या उपायाकडे. ग्रामीण आशियात आत्महत्येच्या असंख्य मृत्यूंमागे शेतीचं विष असतं. मरणाची तीव्र इच्छा बहुतेकांमध्ये काही मिनिटं, काही तास टिकते. त्या वेळात हाताशी जहाल विष नसेल, किंवा जे असेल ते कमी जहाल असेल, तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेकांचा पुढे आत्महत्येने मृत्यू होत नाही. श्रीलंकेत १९९५मध्ये आत्महत्येचं प्रमाण लाखामागे ४७ होतं, जगात सर्वाधिक प्रमाणांपैकी एक. तिथल्या सरकारने टप्प्याटप्प्याने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. ९३ हजार जीव वाचल्याचा अंदाज आहे, आणि भाताचं उत्पादन घटलं नाही. त्या काळात श्रीलंकेत गरिबी संपली नव्हती, आणि युद्धही २००९पर्यंत चालूच होतं.

भारतात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी तमिळनाडूतल्या काट्टुमन्नारकोविल भागात गावाच्या सामाईक जागी कुलूपबंद साठवणघर करून पाहिलं, प्रत्येक शेतकऱ्याला स्वतंत्र कप्पा, आणि निकाल आशादायक आले. पण घरात कुलुपाची पेटी देण्याचा उपाय श्रीलंकेतच १८० गावांत तपासला गेला तेव्हा २०१७मध्ये स्पष्ट झालं की त्याने फरक पडत नाही. घरात किल्ली कुठे असते ते घरातल्या सगळ्यांना माहीत असतं. म्हणून पेट्या वाटून फोटो काढण्याचा मोह आपल्या जिल्हा परिषदांनी टाळावा. काम होतं ते विष बाजारातून काढल्याने.

आपण इथे अर्धवट थांबलो आहोत. केंद्राने २०१८मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदी आणली, पुढेही काहींवर आणली. यवतमाळ जिल्ह्यात २०१७च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर मेले, शेकडो रुग्णालयात गेले. तेव्हा राज्य सरकारच्या हातात १९६८च्या कायद्याने दिलेला अधिकार केवढा आहे ते दिसलं. राज्याला एखाद्या कीटकनाशकाची विक्री ६० दिवसांपुरती थांबवता येते, फार तर आणखी ३० दिवस. कायमची बंदी दिल्लीच्या हाती. विक्रीतलं जे कीटकनाशक फवारणाऱ्याला मारतं तेच घरातल्या सुनेलाही मारतं, तरी कृषी खातं पहिल्याची नोंद ठेवतं आणि पोलीस दुसऱ्याची, आणि या दोन नोंदी एका टेबलावर येत नाहीत. ग्रामीण रुग्णालयांत येणाऱ्या प्रत्येक विषबाधेत उत्पादनाचं नाव लिहिणं सक्तीचं केलं आणि ती यादी दर हंगामानंतर राज्याने केंद्रापुढे ठेवली, तर कोणतं उत्पादन आधी काढायचं यावर वाद उरणार नाही. तोपर्यंत कृषी सेवा केंद्रांनी फवारणी संपल्यावर उरलेली बाटली पैसे देऊन परत घ्यावी, आणि तो खर्च विकणाऱ्या कंपन्यांकडून वसूल करावा. कपाशीची शेवटची फवारणी झाल्यानंतर, सोयाबीनचा भाव कळण्याच्या आणि बँकेची नोटीस येण्याच्या मधल्या आठवड्यांत ती बाटली घरात असायचं काहीही कारण नाही.